टाइप १ चा रोजचा हिशेब: डोकं थकलं की तुम्ही काय करता?

गोदाकाठ

टाइप १ डायबेटिसवाले आणि त्यांच्या घरचे, दोघांसाठी धागा काढतेय. टाइप २ वाल्यांनीही वाचा, पण दोन्ही एकच समजून सल्ले देऊ नका प्लीज. कारलं, जांभळाच्या बिया, दालचिनी, मेथीचं पाणी हे सगळं मला माहीत आहे, माझ्या सासूबाईंच्या व्हॉट्सॅपवर त्याचा पूर्ण संग्रह आहे.

आठवीत असताना निदान झालं, आता चाळिशी दिसायला लागलीय. नोकरी नाशकात, नवरा, एक मुलगी. शेवटचं एवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७.३, डॉक्टर म्हणाले छान चाललंय. म्हणजे कागदावर तक्रार करावी असं काही नाही. पण मला प्रचंड वैताग आलाय. सुईचा नाही हो, सुईचं आता काहीच वाटत नाही. वैताग आहे तो डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असलेल्या गणिताचा.

कालचं दुपारचं जेवण घ्या. जेवणाआधी शुगर २१०. मला १२० च्या आसपास हवी, म्हणजे ९० जास्त, माझ्या अंगात १ युनिट इन्सुलिनने साधारण ४५ उतरते, म्हणजे करेक्शनचे, चढलेली उतरवायचे, २. डब्यात दोन पोळ्या, माझ्या पोळीचे मी १८ ग्रॅम कार्ब (शुगर चढवणारे पिष्टमय पदार्थ) धरते, झाले ३६, अर्धी वाटी भात १५, वरण आणि भाजीतला बटाटा मिळून ९, एकूण ६०. दहा ग्रॅमला १ युनिट, म्हणजे ६. सहा आणि दोन आठ. पण अकरा वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक झाला होता, त्याचे ३ युनिट घेतलेले, त्यातलं थोडं अजून अंगात काम करतंय, म्हणून एक वजा. सात. इन्सुलिनचं पेन लावलं, आता पंधरा मिनिटं थांबून जेवायचं. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. डबा टेबलावर, सात युनिट पोटात, आणि मी केबिनमधे मान डोलावत उभी, लक्ष सगळं घड्याळाकडे.

(हे आकडे माझे आहेत, कुणीही उचलून वापरू नका, प्रत्येकाचे वेगळे असतात.)

आणि एवढं करून दोन तासांनी २६५. परवा अगदी हेच जेवण, हाच डोस, तेव्हा १४० होती. मग वाटतं की कशासाठी करायचं हे सगळं.

हे फक्त जेवणापुरतं असतं तर चाललं असतं. स्कूटर काढायच्या आधी बघा, पोरीला पोहायला न्यायच्या आधी बघा, रात्री झोपताना ११५ असेल तर खाऊन झोपू की तशीच झोपू, पाळीच्या आधीचे चार दिवस सगळं चढं, पाळी सुरू झाली की धाडकन खाली. सुट्टी नाही. दिवाळीत ऑफिस बंद असतं, हे नसतं.

तर मला औषधोपचाराचे सल्ले नकोत, डॉक्टर चांगले आहेत. मला हे विचारायचंय की डोकं असं थकतं तेव्हा तुम्ही नक्की काय करता?

---

अवनीची_आई

गोदाकाठ, तू लिहिलंयस ते मी पेशंटच्या बाजूने कधी ऐकलंच नव्हतं, माझी लेक अजून लहान आहे, तिला हे असं सांगता येत नाही. ती नुसती चिडते.

आमचं ओझं रात्रीचं. पहिलं वर्ष मी रोज रात्री तीनला उठून तिच्या बोटाला टोचायचे, कारण दिवसा खेळली की लो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, ही दुपारी नाही येत, मध्यरात्री येते. नवरा म्हणायचा मी उठतो, पण मला झोपच लागायची नाही, त्यामुळे तो उठला तरी मी जागीच. शेवटी आमच्या डायबेटिस एज्युकेटर ताईंनी दोघांना समोर बसवून वाटणी करून दिली. एक रात्र त्याची, एक माझी. त्याच्या रात्री मी दुसऱ्या खोलीत झोपायचं, दार लावून. पहिले काही दिवस दाराला कान लावून बसले होते, मग झोपायला लागले.

दुसरं एक. ती शाळेतून आली की माझा पहिला प्रश्न "किती आली?" असा असायचा. एक दिवस तिने दप्तर टाकलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "एकशे नव्वद, आता बोल माझ्याशी." सातवं वर्ष चालू होतं तिला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, घरात आल्यावर पहिली दहा मिनिटं शुगर हा विषय नाही, लो वाटत असेल तर ती स्वतः सांगते. आणि आकड्याला चांगला-वाईट म्हणायचं नाही, जास्त किंवा कमी म्हणायचं. ऐकायला फालतू वाटेल पण घरातलं वातावरण त्याने खूप निवळलं.

---

सदिच्छा_७१

ताई मनाला लावून घेऊ नका. माझ्या मामेसासऱ्यांना ३० वर्षं शुगर होती, एका वैद्यांकडे तीन महिने काढा घेतला आणि इन्सुलिन पूर्ण बंद. हवा असेल तर नंबर देतो. इच्छाशक्ती पाहिजे फक्त.

---

मिरचीचा_ठसका

आलेच! पहिल्याच परिच्छेदात बाई हात जोडून नको म्हणतायत तरी आलेच.

सदिच्छा, राग मानू नका पण हे नीट वाचा, कारण असल्या सल्ल्यांनी पोरं मेलीत. तुमच्या मामेसासऱ्यांना टाइप २ असणार. त्यात शरीर इन्सुलिन बनवत असतं, ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही, त्यामुळे वजन, आहार, गोळ्यांनी काहींचं इन्सुलिन सुटू शकतं. टाइप १ मधे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. कारखानाच बंद. तिथे इच्छाशक्ती काय करणार. इन्सुलिन थांबवलं की रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात, उलट्या, पोटदुखी, धाप, आणि काही दिवसांतच माणूस आयसीयूत.

१९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मधे लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी टाइप १ च्या पोरांना जगवायचा एकच उपाय होता, जवळजवळ उपाशी ठेवायचं, म्हणजे मरण थोडं लांबायचं. तेव्हाही जगात काढे होतेच की.

---

सदिच्छा_७१

मला दोन प्रकार असतात हे माहीत नव्हतं. नंबर देत नाही.

---

काचेची_सिरिंज

माझं वय आता साठीच्या पुढे. निदान १९७४, सातारा जिल्हा, मी सहावीत. गोदाकाठताई, तुमचं गणित वाचून मला आमचा काळ आठवला, तो सांगतो, कारण मला त्यातून थोडं वेगळं म्हणायचंय.

आमच्याकडे मीटर नव्हता. सकाळी परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी लाल झालं की आई देवासमोर जाऊन बसायची. त्यातही गंमत अशी की रक्तात साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत साखर उतरतच नाही, आणि उतरते ती काही तासांपूर्वीची. लो तर कळायचीच नाही, घाम फुटला की गूळ. इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातलं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, काचेची सिरिंज पातेल्यात उकळून. सुई बोथट झाली की वडील दगडावर घासून धार काढायचे, खोटं वाटेल तुम्हाला.

आता मुद्दा. तेव्हा डोक्याला हिशेब अजिबात नव्हता. घड्याळ लावून ठराविक जेवण, ठराविक डोस, संपलं. आकडाच नाही तर अपराधीपणा कुठला. माझे काही समवयस्क म्हणतात तेच बरं होतं. मी नाही म्हणत. माझ्या दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय, आमच्या वेळचे दोघं डायलिसिसवर जाऊन संपले. १९९३ साली अमेरिकेतला तो मोठा डीसीसीटी अभ्यास आला, १४४१ लोकांवरचा, त्यात पहिल्यांदा पक्कं झालं की शुगर घट्ट ठेवली तर डोळे वाचतात, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात धोका ७६ टक्क्यांनी कमी. त्यानंतर हे तुमचं दिवसातून चार-चारदा टोचणं आणि मोजणं सगळीकडे रुळलं. पण त्याच अभ्यासात घट्ट ठेवणाऱ्यांना जोरदार लो सुमारे तिप्पट आल्या, हे सांगताना लोक आवाज खाली करतात.

म्हणजे तुम्ही जे गणित करताय त्याची फी आहे, फुकट नाही, पण मिळतंय त्यात डोळे आहेत. आणि ७.३ हा फार चांगला आकडा आहे. ६.५ च्या मागे लागून स्वतःला पिळू नका.

---

गोदाकाठ

काचेची सिरिंज काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दगडावर सुई घासण्यावर तो अजून अडकलाय.

अवनीची आई, ती दहा मिनिटं मला पण हवीत, ऑफिसमधून आल्यावर. सांगते घरात.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी यवतमाळ साइडचा, लहान भावाले टाइप १ आहे, सतरा वर्षांचा. वाचून राहिलो सगळं. वाईट वाटू देऊ नका ताई पण आमची लढाई वेगळी आहे. तुमचं ओझं हिशेबाचं, आमचं आधी शुगर मोजायच्या पट्टीचं. एक स्ट्रिप वीस-पंचवीस रुपयाले पडते, दिवसाले चार म्हटल्या तर महिन्याचे तीन हजार नुसते बोट टोचायचे. म्हणून दोनच करतो, कधी एक. अंगाले चिकटवून सतत शुगर मोजते तो सेन्सर तर दोन आठवड्याचा चार-पाच हजाराले आहे म्हणतात, तो विषयच नाही. सरकारी दवाखान्यातून रेग्युलर (जेवणाआधीचं) आणि एनपीएच (जास्त वेळ चालणारं) इन्सुलिन मिळते, बाटलीतलं, त्यावर चाललंय.

उन्हाळ्यात ४५ डिग्री आणि लाइट जाते तर जातेच. आमच्याकडे फ्रिज आहे पण लाइटच नसली तर फ्रिज म्हणजे कपाट. मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, छोट्या मडक्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत, वरून ओलं फडकं. रेती वाळू द्यायची नाही. एवढं केलं की मे महिना निघते. डॉक्टरनेच सांगितलं होतं.

कार्ब मोजणं आम्हाले कोणी शिकवलंच नाही. ज्वारीची भाकर एवढी आणि वरण एवढं, रोज तेच. भाऊ म्हणते दादा तेच तेच खाऊन कंटाळा आला. मी काय सांगू त्याले?

---

वाटी_चमचा

मी डायबेटिस एज्युकेटर आहे, पुण्यात. इथे आत्तापर्यंत नुसती वाचत होते पण यवतमाळच्या दादांना उत्तर द्यायलाच हवं.

दादा, आधी एक महत्त्वाचं. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० चं, त्या ताकदीच्या सिरिंजची टोपी केशरी. कुणी प्रेमाने उरलेली पेनं किंवा सिरिंजा दिल्या तर घ्या, पण अदलाबदल करू नका. १०० वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने भरलं तर अडीच पट डोस जातो. हे दर वर्षी कुठे ना कुठे घडतं.

मडक्याची पद्धत उत्तम आहे, अगदी मनापासून करताय. रेग्युलर पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, गढूळ झालं की टाकून द्या. एनपीएच मुळातच दुधट असतं, पण हलक्या हाताने घोळवल्यावर एकसारखं व्हायला हवं, गुठळ्या राहिल्या तर तेही बाद.

दोनच स्ट्रिप परवडत असतील तर रोज त्याच वेळी करू नका. सोमवारी नाश्त्याआधी आणि झोपताना, मंगळवारी जेवणाआधी आणि नंतर, असं फिरवत राहिलात तर आठवड्यात पूर्ण दिवसाचं चित्र हाती येतं. आणि नागपूरचं ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरचं उडान, या संस्था टाइप १ च्या मुलांसाठीच वर्षानुवर्षं काम करतायत, तिथे एकदा जाऊन या, फोनवर न उरकता प्रत्यक्ष जा.

भाकरीचा कंटाळा. एनपीएचवर वेळा फार हलवता येत नाहीत हे खरं, पण पदार्थ बदलता येतात. त्याच्या एका भाकरीत जितका कार्ब आहे तेवढ्याचा भात किती, पोहे किती, हे एकदा वाटीने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. तुमच्याच घरची वाटी, माझी नाही.

आता गोदाकाठ, "परवा १४० आणि आज २६५" याबद्दल. हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी रडत विचारतं. एक तर मीटरलाच सूट असते, चांगल्या मीटरचं ९५ टक्के रीडिंग खऱ्या आकड्याच्या १५ टक्के इकडे-तिकडे असलं तरी तो पास. म्हणजे २०० दिसले तर खरे १७५ असतील किंवा २३० सुद्धा. बोटाला केकची क्रीम लागलेली असेल तर विचारूच नका, आधी हात धुवा. सेन्सर रक्तात नाही, पेशींच्या मधल्या द्रवात मोजतो, तो काही मिनिटं मागे असतो. मग इन्सुलिन कुठे टोचलं, पोटावर लवकर भिनतं, मांडीवर हळू. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचून गाठ झाली असेल तर तिथे किती शोषलं जाईल याचा नेम नाही, आणि जुन्या टाइप १ वाल्यांचं पोट मी हाताने चाचपते तेव्हा निम्म्या जणांना अशी गाठ सापडतेच, त्यांना कधी कुणी सांगितलेलं नसतं. रात्रीची झोप, आदल्या दिवशीचं चालणं, ऊन, ताण, पाळी. साहेबांची केबिनसुद्धा, ताणाने शुगर चढते.

तुमचं गणित बरोबर होतं. गणितात न धरलेल्या गोष्टी बदलल्या. त्यामुळे त्या २६५ चा निकाल स्वतःवर लावू नका, करेक्शन घ्या आणि पुढे चला.

आणि हा जो थकवा आहे त्याला आमच्याकडे डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, नैराश्यापेक्षा वेगळा धरतात, त्याची २० प्रश्नांची प्रश्नावली असते. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ सांगा की मला हे भरायचंय. एवनसी चांगलं असलं की आपल्याकडे कुणी विचारत नाही, हे आमचं चुकतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

ताई स्ट्रिप फिरवायची आयडिया कोणीच सांगितली नव्हती आतापर्यंत. धन्यवाद. वाटीचं काम आजच वहिनीले सांगतो.

---

मेसचं_वरण

हॉस्टेलवाला टाइप १ हजर. इंजिनिअरिंग थर्ड इयर.

मी काय करतो ते सांगतो, माझ्या डॉक्टर मॅडमनीच सुचवलेलं आहे, मी त्याला "मिनिमम मोड" म्हणतो. डोकं पूर्ण बसलंय असं वाटलं की एक आठवडा फक्त एवढंच पाळायचं: बेसल (दिवसभर पुरणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन) एकही दिवस चुकवायचा नाही, जेवलो की अंदाजाने का होईना बोलस (जेवणाचा डोस) घ्यायचा, आणि लो साठी खिशात ग्लुकोज. बाकी जेवण मोजायचा वजनकाटा बंद, ग्राफ बघणं बंद, अ‍ॅप होम स्क्रीनवरून काढायचं. नाश्त्याला रोज तीच दोन अंडी आणि तेवढाच ब्रेड म्हणजे त्याचा डोस पाठ. त्या आठवड्यात शुगर २०० च्या आसपास राहते कधी कधी, राहू दे. आठवड्याने डोकं परत जागेवर येतं आणि मग मोजायला लागतो. आधी काय व्हायचं की सगळं परफेक्ट नाहीतर काहीच नाही असं चालायचं, आणि "काहीच नाही" मधे मुलं बेसल पण सोडून देतात, मग थेट अ‍ॅडमिट. मिनिमम मोडला तळ आहे, त्याखाली नाही जायचं.

सेन्सरबद्दल सगळे भारी बोलतात पण अलार्म! लेक्चरमधे वाजतो, सिनेमात वाजतो, रात्री रूममेट उशी फेकून मारतो. मी आता हायचा अलार्म २५० ला नेलाय आणि फक्त लो शुगरचा कडक ठेवलाय. अर्ध्याहून जास्त कटकट गेली.

रूममेटला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाका, हे ज्युनियर्ससाठी. माझ्या टेबलाचा वरचा कप्पा, ग्लुकोजची पावडर, मी बरळायला लागलो तर तीन मोठे चमचे पाण्यात घालून दे, पंधरा मिनिटांनी परत बघ. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालायचं नाही, थेट अ‍ॅम्ब्युलन्स. चॉकलेट नको कारण त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. बाथरूममधे लपून इंजेक्शन घ्यायचं मी फर्स्ट इयरच्या पहिल्या सेमनंतर सोडलं, आता मेसमधे टेबलावरच टीशर्ट वर करतो. चार दिवस बघतात, मग कुणाला काही पडलेलं नसतं, फक्त विचारतात तुझी जिलेबी मी घेऊ का.

---

अवनीची_आई

मेसचं वरण, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

परीक्षांबद्दल कुणी शोधत असेल तर, सीबीएसईने २०१७ पासून टाइप १ च्या दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेत शुगरच्या गोळ्या, फळ, छोटा खाऊ, पाणी न्यायची परवानगी दिलीय, आधी शाळेमार्फत कागदपत्रं द्यावी लागतात. जेईई-नीटला पण मधुमेहींना शुगरच्या गोळ्या, फळं नेता येतात. केंद्रावरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून सूचनापत्रातला तो परिच्छेद प्रिंट काढून घेऊन जायचा.

आणि अपंगत्व कायद्याबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून लिहिते, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत, टाइप १ नाही.

---

हिचा_नवरा

पेशंटच्या नवऱ्याची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो.

बायकोला टाइप १. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं आमची भांडणं एकाच वाक्यावर व्हायची. ती चिडली की मी विचारायचो "शुगर लो आहे का?" आणि गंमत म्हणजे कधी कधी खरंच ५८ असायची, लो मधे माणूस चिडतोच. पण कधी १३० असायची आणि ती चिडलेली असायची कारण मी खरोखर मूर्खपणा केलेला असायचा. आता तह असा की मी प्रश्न विचारत नाही, मीटर आणून शेजारी ठेवतो आणि गप्प बसतो. लो निघाली तर भांडण पंधरा मिनिटं स्थगित, साखर पोटात, मग उरलं असेल तर पुढे चालू. बहुतेक वेळा उरतं.

मदत करायची म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं. "तू हे खाऊ शकतेस का" हे विचारणं ही मदत नाही. स्ट्रिप संपायच्या आधी आणून ठेवणं, प्रवासाच्या बॅगेत जास्तीच्या सुया टाकणं, फ्रिजमधे इन्सुलिन अगदी मागे फ्रीझरला चिकटून नाही ना हे बघणं कारण गोठलं की गेलं, ही मदत. आणि हळदीकुंकवाला काकूंनी "तुला चालतं का गं गोड?" विचारलं की मधे पडून म्हणणं, काकू मला वाढा.

---

नाना_न्यूजर्सी

इथे मुलाला इन्सुलिनचा पंप आहे, सेन्सरशी जोडलेला, स्वतःच बेसल कमी-जास्त करतो. रात्रीची झोप परत मिळाली, हे मान्य. पण लोकांना वाटतं मशीन लावलं की सुटलो. तसं नाही. जेवण त्याला सांगावंच लागतं, दर तीन दिवसांनी अंगाला लावलेला नळीचा सेट बदला, टेपने कातडीला पुरळ येतं, नळी कुठेतरी दुमडली की दोन-चार तासांत शुगर आणि किटोन दोन्ही वर, कारण पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच. आणि इन्शुरन्स कंपनीशी फोनवर घालवलेले तास वेगळेच. भारतात पंपाची किंमत लाखांत जाते आणि दर महिन्याचं सामान वेगळं, त्यामुळे घेता आला नाही म्हणून कुणी खंत करू नये, पेन आणि नीट शिकलेला माणूस हे कॉम्बिनेशन कमी नाही.

---

मिरचीचा_ठसका

वसीम अक्रमला ऐन करिअरमधे टाइप १ निघाला आणि तो त्यानंतरही काही वर्षं बोलिंग टाकत होता, हे मी घरात पोराला दर मॅचला सांगायचे. आता तो म्हणतो आई बास, मला बोलर नाही व्हायचं, मला फक्त झोपायचंय. तर प्रेरणादायी उदाहरणं पण बेताने द्या असं माझं मत झालंय.

---

गोदाकाठ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काय काय केलं ते सांगते.

वाटी चमचा ताई, तुम्ही म्हणालात म्हणून पोट चाचपलं. नाभीच्या उजव्या बाजूला चांगली लिंबाएवढी मऊ गाठ आहे आणि मी दुपारचं इंजेक्शन कायम तिथेच घेते, कारण टेबलाखाली पटकन हात तिथेच जातो. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले तिथे अजिबात टोचू नका, पण नव्या जागी शोषण नीट होईल तेव्हा डोस थोडा कमी करून सुरुवात करा. म्हणजे २६५ चा काही हिस्सा तिथे होता तर.

मिनिमम मोड पुढच्या पाळीच्या आठवड्यात करणार आहे. प्रश्नावलीचंही विचारलंय, व्हिजिटला भरून घेतो म्हणाले.

आणि नवऱ्याशी बोलून रविवार त्याला दिलाय. सकाळच्या चहापासून रात्री झोपेपर्यंत कार्ब तो मोजतो, डोस तो सांगतो, मी फक्त ऐकून पेन फिरवते. फारच वेडावाकडा आकडा सांगितला तर मला नकाराधिकार आहे. पहिल्या रविवारी श्रीखंड-पुरी होती. त्याने वजनकाटा, कॅल्क्युलेटर आणि डब्यावरचं लेबल घेऊन पाऊण तास लावला, पुऱ्या गार झाल्या, पोरगी म्हणाली आई तूच कर बाई. नाही केलं मी. चारनंतर शुगर चढायला लागली तर तो माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ, "पण मी सगळं बरोबर केलं होतं!" असं म्हणत घरभर फिरत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

---

हिचा_नवरा

तळणीचं फॅट. पुरीची साखर उशिरा येते, डोस दोन भागांत देतात आमच्याकडे, अर्थात डॉक्टरांना विचारून. त्यांना सांगा, आम्ही सगळे यातून गेलोय.

---

वऱ्हाडी_ठेचा

वाटीचं काम झालं. आमच्या घरची भाकर म्हणजे दीड वाटी भात निघाला, भाऊ खूश आहे, काल वरणभात खाल्ला त्याने पोटभर.

एक विचारायचं होतं, पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, एसटीने आठ तासाचा प्रवास, ऊन लय. मडकं तर नेता येत नाही. इन्सुलिन कसं न्यावं?

---

वाटी_चमचा

थर्मास घ्या, तोंड मोठं असलेला. आत थंड पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल, त्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत. बर्फ नुसता टाकू नका, बाटलीला थेट लागला तर गोठेल. टपावरच्या किंवा डिकीतल्या सामानात द्यायचं नाही, खिडकीच्या उन्हात ठेवायचं नाही, मांडीवरच्या पिशवीत राहू द्या. वापरात असलेली बाटली फ्रिजबाहेर चार आठवडे चालते, पण ते ३० डिग्रीच्या आतलं गणित आहे, तुमच्याकडच्या मे महिन्याचं नाही. एक जास्तीची बाटली दुसऱ्या कुणाच्या पिशवीत ठेवा, एक पिशवी हरवली तरी दुसरी हाताशी राहील. ग्लुकोज आणि बिस्किटं भावाच्या स्वतःच्या खिशात, आईच्या पर्समधे नाही. आणि लग्नात पंगत उशिरा बसते, तेव्हा रेग्युलर आधी घेऊन वाट बघत बसू नका, वाढपी पानापर्यंत आला की मगच घ्या, थोडी चढली तर चढू दे.